म्हातारपण इतरांच्या वाट्याला: 'टॉप गन: मॅव्हरिक'

एखाद्या गाजलेल्या ॲक्शनपटाचा पुढचा भाग ३६ वर्षांनी येतो, तेव्हा प्रेक्षक आधी नायकाचा चेहरा न्याहाळतो आणि मग कथेकडे वळतो. मे १९८६ मध्ये 'टॉप गन' प्रदर्शित झाला तेव्हा टॉम क्रूझ २३ वर्षांचा होता. मे २०२२ मध्ये 'टॉप गन: मॅव्हरिक' पडद्यावर आला तेव्हा त्याला साठी पूर्ण करायला जेमतेम महिनाभर उरला होता. एवढ्या काळात पहिला चित्रपट ज्या विमानावर उभा होता ते एफ-१४ टॉमकॅट अमेरिकी नौदलाने २००६ मध्ये निवृत्त केले, खुद्द 'टॉप गन' ही नौदलाच्या लढाऊ वैमानिकांची प्रशाला कॅलिफोर्नियातल्या मिरामारहून १९९६ मध्ये नेवाडातल्या फॅलनला हलली, आणि नायक मात्र तोच राहिला. हा चित्रपट पाहावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर निःसंदिग्ध 'हो' असे आहे. मात्र पाहताना एक गोष्ट सतत जाणवत राहते: वार्धक्य हा या चित्रपटाचा विषय असूनही ते नायकाच्या अंगाला फारसे लागू दिलेले नाही, ते त्याच्या भोवतालच्या माणसांत आणि यंत्रांत वाटून टाकलेले आहे.

पुढचा भाग यायला इतका उशीर का झाला, हे थोडक्यात सांगायला हवे. टोनी स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला मूळ चित्रपट दीड कोटी डॉलरच्या आसपास खर्चात बनला आणि १९८६ साली अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणारा ठरला. त्यामुळे निर्माते लगेच दुसऱ्या भागाच्या मागे लागणे स्वाभाविक होते. पण क्रूझला त्यात रस नव्हता. पुढे कित्येक वर्षांनी तो आणि स्कॉट या बेताकडे गांभीर्याने वळले, तोच २०१२ मध्ये स्कॉट यांचे निधन झाले. अखेर दिग्दर्शनाची धुरा जोसेफ कोसिन्स्की यांच्याकडे आली. चित्रीकरण २०१८ च्या मे महिन्यात सुरू झाले, प्रदर्शनाची पहिली तारीख जुलै २०१९ ची ठरली, उड्डाणाच्या दृश्यांना अधिक वेळ हवा म्हणून ती वर्षभर पुढे गेली, आणि तेवढ्यात जगभरची चित्रपटगृहे महासाथीने बंद झाली. त्या काळात मोठमोठे स्टुडिओ तयार चित्रपट थेट घरपोच देत असताना हा चित्रपट मात्र दोन वर्षे तसाच ठेवला गेला. २०२२ च्या कान महोत्सवात, चित्रपट थेट ऑनलाइन आणण्याचा विचार झाला होता का, या प्रश्नाला क्रूझने साफ नकार दिला होता. हा हट्ट व्यवहाराच्या दृष्टीनेही योग्य ठरला, कारण जगभरात चित्रपटाने १४० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, आणि चार दशकांच्या कारकिर्दीत क्रूझच्या एखाद्या चित्रपटाने १०० कोटींचा टप्पा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती.

चित्रपटाची सुरुवात जवळजवळ जशीच्या तशी पहिल्या भागासारखी आहे. पडद्यावर प्रशालेची माहिती देणारा तोच मजकूर, हॅरॉल्ड फाल्टरमायर यांची तीच धून, विमानवाहू नौकेच्या डेकवर वाफेत हालचाल करणारी माणसे, आणि मग केनी लॉगिन्सचे तेच गाणे. जुन्या प्रेक्षकाला खूश करण्याची ही उघड युक्ती आहे, आणि ती सफाईने साधली आहे हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. पण खरा चित्रपट त्यानंतरच्या प्रसंगात, मोहावी वाळवंटातल्या एका हँगरपाशी सुरू होतो. कॅप्टन पीट मिचेल उर्फ मॅव्हरिक तिथे ध्वनीच्या दहापट वेगाने उडू पाहणाऱ्या 'डार्कस्टार' या विमानाच्या चाचण्या घेतो आहे, आणि हा प्रकल्प बंद करून त्याचा पैसा वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांकडे वळवायला एक ॲडमिरल येऊन ठेपतो आहे. ॲडमिरलच्या भूमिकेत एड हॅरिस आहे. १९८३ च्या 'द राइट स्टफ' या चित्रपटात याच हॅरिसने अंतराळवीर जॉन ग्लेन साकारला होता. म्हणजे आकाशाला भिडणाऱ्या धाडसी अमेरिकी माणसाचा चेहरा एके काळी तोच होता. आता तोच येऊन सांगतो की कॉकपिटमध्ये बसणाऱ्या माणसांची जमात संपत आली आहे. हॅरिस क्रूझपेक्षा केवळ बारा वर्षांनी मोठा आहे, पण पडद्यावर ते अंतर एका पिढीचे वाटते, आणि इथेच या चित्रपटाची कार्यपद्धती दिसू लागते.

कथा साधी आहे. एका अनाम शत्रुराष्ट्राने खोल दरीत युरेनियम समृद्धीकरणाचा प्रकल्प उभारला आहे. दरीच्या माथ्यावर क्षेपणास्त्रे आहेत, म्हणून विमानांनी रडारच्या नजरेखालून, वळणावळणाच्या घळीतून अतिशय वेगाने जायचे, डोंगर चढून पलीकडे सूर मारायचा, जेमतेम काही फुटांच्या लक्ष्यावर बॉम्ब टाकायचे आणि मग शरीराच्या वजनाच्या नऊपटीहून अधिक भार झेलत सरळ वर उसळायचे. हे सारे अडीच मिनिटांत. या कामगिरीसाठी तरुण वैमानिकांना तयार करण्याची जबाबदारी मॅव्हरिकवर येते. त्या वैमानिकांत ब्रॅडली ब्रॅडशॉ उर्फ रूस्टर आहे, म्हणजे पहिल्या भागात मॅव्हरिकच्या विमानात मरण पावलेल्या गूजचा मुलगा. मरणाऱ्या आईच्या इच्छेखातर मॅव्हरिकने या मुलाचे नौदल अकादमीचे अर्ज मागे ओढून त्याची काही वर्षे वाया घालवली होती, आणि कारण न सांगता त्याचा राग मात्र स्वतःवर घेतला होता. माइल्स टेलरने हा राग फार आरडाओरड न करता, जबडा आवळून दाखवला आहे. मिशा, हवाई पद्धतीचा शर्ट आणि पियानोवरचे ते जुने गाणे यांमुळे तो इतका गूजसारखा दिसतो की मॅव्हरिकप्रमाणे आपणही दचकतो.

पटकथेचा मोठा गुण असा की कामगिरीची आखणी ती प्रेक्षकाला पूर्णपणे समजावून सांगते. नकाशे, उंचीची मर्यादा, वेळ, प्रत्येक टप्प्यावरचा धोका हे सरावातून इतक्या वेळा दाखवले जाते की प्रत्यक्ष हल्ला सुरू होतो तेव्हा कोणी किती मागे पडले आणि त्याचा अर्थ काय, हे सांगायला संवाद लागत नाही. आजच्या बहुतेक ॲक्शनपटांत शेवटची चकमक नुसता गोंगाट होते, कारण कोण कुठे आहे आणि काय साधायचे आहे याचा पत्ताच नसतो. इथे तसे होत नाही. सरावात एकामागून एक वैमानिक अपयशी ठरतात, वरिष्ठ अधिकारी मॅव्हरिकला बाजूला करून कामगिरी सोपी करायला निघतो, आणि मॅव्हरिक परवानगी न घेता स्वतः विमान उडवून तो मार्ग ठरलेल्या वेळेच्याही आत पार करून दाखवतो. हा प्रसंग माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला सर्वांत चांगला हवाई प्रसंग आहे. शेवटच्या युद्धापेक्षाही, कारण यात शत्रू नाही, स्फोट नाहीत, केवळ एक मार्ग, एक घड्याळ आणि एक माणूस आहे.

आता वार्धक्याकडे वळतो. आपल्या पुराणातल्या ययातीने शुक्राचार्यांच्या शापाने आलेले म्हातारपण पुरूला देऊन त्याचे तारुण्य स्वतःकडे घेतले. या चित्रपटाने क्रूझसाठी नेमकी तशीच सोय केली आहे, फक्त पुरू एक नसून अनेक आहेत. जुना सहकारी आइसमन मरणाच्या दारात आहे. गूजचे पोर तिशी ओलांडून बाप्या झाले आहे. त्याची आई केव्हाच वारली आहे. ज्या विमानावर तरुणपणी झेप घेतली ते आता भंगारात जमा आहे. हँगरमध्ये नायक ज्यावर हात फिरवतो ते पी-५१ मस्टँग तर दुसऱ्या महायुद्धातले आहे (आणि खऱ्या आयुष्यातही ते क्रूझच्याच मालकीचे आहे). हुद्दा सोडला तर नायकाचे काहीच थांबलेले नाही. तीस-पस्तीस वर्षांत कॅप्टनच्या पुढे न जाणे हेसुद्धा इथे अपयश म्हणून येत नाही, जमिनीवर बसायचे नाही म्हणून नाकारलेली बढती म्हणून येते. तो अजूनही मोटारसायकलवर विनाशिरस्त्राण धावतो, समुद्रकिनाऱ्यावर विशीतिशीतल्या पोरांबरोबर उघड्या अंगाने चेंडू खेळतो, आणि त्या दृश्यात कॅमेरा त्याच्याकडे त्या पोरांकडे पाहावे तसाच पाहतो. मग काही क्षणांनी तो बाजूला जाऊन बसतो आणि इतरांचा खेळ पाहत राहतो. वयाची एवढीच कबुली इथे मिळते.

ही वाटणी एका प्रसंगात मात्र खऱ्या अर्थाने कलेच्या पातळीवर जाते, आणि तो प्रसंग आइसमन साकारणाऱ्या व्हॅल किल्मरचा आहे. किल्मरला घशाचा कर्करोग झाला होता, उपचारांत श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली होती आणि त्याचा आवाज जवळपास गेला होता. पटकथेने हा आजार लपवला नाही, तो आइसमनलाच दिला. पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख झालेला हा ॲडमिरल आपल्या अभ्यासिकेत बसून संगणकावर अक्षरे टंकतो आणि मॅव्हरिक बोलून उत्तरे देतो. म्हणजे एरवी सगळ्यांना गप्प करणाऱ्या नायकाला इथे वाट पाहावी लागते. समोरच्याचे वाक्य अक्षरा-अक्षराने पडद्यावर उमटेपर्यंत त्याचा चेहरा उघडा राहतो. पुढे आइसमन उठतो आणि मोजकी वाक्ये फाटलेल्या आवाजात खरोखर उच्चारतो. १९८६ मध्ये या दोघांचे नाते दात विचकण्याचे होते. कॉलेजातल्या स्पर्धकांसारखी ती चढाओढ थोडी बालिशही होती. त्याच दोन माणसांना आता एकमेकांना मिठी मारताना पाहणे आणि त्यातल्या एकाचे आजारपण अभिनयाचे नाही हे आपल्याला ठाऊक असणे, यामुळे या प्रसंगाचे वजन पटकथेच्या पलीकडे जाते. एप्रिल २०२५ मध्ये किल्मर यांचे निधन झाले, त्यामुळे आता तो पाहणे आणखी कठीण झाले आहे. क्रूझ या प्रसंगात रडतो, पण मला त्याच्या अश्रूंपेक्षा त्याचे ऐकणे अधिक आवडले. आपण त्याला धावणारा, लटकणारा, उडी मारणारा नट म्हणून ओळखतो. समोरच्याला जागा देऊन त्याचे ऐकून घेणारा क्रूझ पडद्यावर क्वचित दिसतो, आणि इथे तो दिसतो. निर्माते जेरी ब्रुकहायमर यांनी सांगितले आहे की किल्मरशिवाय हा चित्रपट करायचा नाही, असा क्रूझचाच आग्रह होता. त्या आग्रहाबद्दल त्याचे मनापासून आभार मानायला हवेत.

हाच न्याय बायकांना मात्र मिळालेला नाही. पहिल्या भागातली नायिका केली मॅकगिलिस क्रूझपेक्षा पाच वर्षांनी मोठी होती. पुढच्या भागासाठी आपल्याला विचारणाच झाली नाही, असे तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले होते, आणि आपण आता वयाला साजेशा दिसतो हेही त्याच ओघात स्पष्ट म्हटले होते. गूजच्या बायकोची भूमिका केलेल्या मेग रायनचे पात्र कथेतच मारून टाकले आहे. त्यांच्या जागी आली आहे पेनी, जिचा पहिल्या भागात केवळ नामोल्लेख होता, आणि ती भूमिका केली आहे क्रूझपेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या जेनिफर कॉनेलीने. कॉनेली चांगली नटी आहे. तिने पेनीला जी थट्टेखोर समजूत दिली आहे ती संहितेत फारशी नसावी. पण तिच्या वाट्याला आलेली प्रसंगमालिका म्हणजे दोन हवाई दृश्यांमधली विश्रांती आहे. आजारी, थकलेला, आवाज गेलेला पुरुष मित्र चित्रपटाला चालतो, त्याच्या आजारपणातून चित्रपट आपली सर्वांत मोठी भावना मिळवतो. पिकलेल्या केसांची जुनी प्रेयसी मात्र चालत नाही. तरुण वैमानिकांमध्ये मोनिका बार्बारोची फीनिक्स आहे आणि ती उगाच शोभेची नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

उड्डाणाच्या दृश्यांविषयी मात्र हात राखून लिहिण्याचे कारण नाही. पहिल्या भागाच्या वेळीही नटांना आकाशात नेले होते, पण बहुतेकांना इतक्या उलट्या झाल्या की त्या चित्रणाचा फारसा उपयोग झाला नाही आणि कॉकपिटमधली दृश्ये जमिनीवर घ्यावी लागली. या वेळी क्रूझने सहकलाकारांसाठी एक प्रशिक्षणक्रमच आखला. आधी साधे सेसना, मग कसरतीचे एक्स्ट्रा ३००, मग एल-३९ हे प्रशिक्षणाचे जेट, आणि या पायऱ्या चढून झाल्यावर दोन आसनांचे एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट. पुढच्या आसनावर नौदलाचा खरा वैमानिक, मागे नट, आणि कॉकपिटमध्ये सोनीचे सहा कॅमेरे, अशी छायालेखक क्लाउडिओ मिरांडा यांची योजना होती. दिग्दर्शकाला विमानात जागा नसल्याने कॅमेरे चालू करणे, सूर्य कुठे आहे ते पाहणे, स्वतःची रंगभूषा नीट आहे का ते तपासणे, संवाद म्हणणे, आणि हे करताना शरीरावर सात-आठपट भार झेलणे, ही सगळी कामे नटालाच करावी लागत. विमान उतरल्यावर चित्रण पाहायचे, जमले नसेल तर पुन्हा वर जायचे. अशा रीतीने ८०० तासांहून अधिक चित्रण जमा झाले आणि संकलक एडी हॅमिल्टन यांनी त्यातून दोन तास दहा मिनिटांचा चित्रपट काढला. सुपर हॉर्नेटच्या उड्डाणासाठी नौदलाने ताशी ११,३७४ डॉलरपर्यंत आकारणी केली होती. लष्करी सेवेत नसलेल्या माणसाच्या हाती लढाऊ विमानाचे नियंत्रण द्यायला मात्र ते तयार झाले नाही, क्रूझने विचारूनसुद्धा.

या खटाटोपाचे फळ चेहऱ्यांवर दिसते. वेगाने वळताना गालांची कातडी खाली ओढली जाते, डोळ्यांखालच्या पिशव्या लोंबतात, मान आसनात रुतते, श्वास तुटक होतो. विशीतला नट आणि साठीकडे झुकलेला नट यांच्यातला फरक गुरुत्वाकर्षण पुसत नाही, उलट तो उघड करते. त्या भाराखाली क्रूझचा चेहरा काही क्षण अगदी त्याच्या वयाचा दिसतो. बाकी सगळीकडे रंगभूषेने, प्रकाशयोजनेने आणि व्यायामाने जे राखले आहे ते त्या आकाशात राखता येत नाही. चित्रपटाला हे अभिप्रेत होते की नाही, हा मुद्दा नाही. मला ही दृश्ये थरारक वाटली त्यात या नागडेपणाचा वाटा मोठा आहे. याच्या उलट उपाय वर्षभराने हॅरिसन फोर्डच्या बाबतीत केला गेला. २०२३ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सच्या अखेरच्या भागात, ऐंशीच्या घरातल्या फोर्डला संगणकाने तरुण करून सुरुवातीचा दीर्घ भाग रचला होता. चेहरा गुळगुळीत झाला खरा, पण त्या चेहऱ्याच्या माणसाला काही लागेल, दुखेल, अशी भीती मला एकदाही वाटली नाही, आणि भीती नसेल तर पाठलागाला अर्थ उरत नाही.

अर्थात, 'सगळे खरे आहे' हा प्रचारही जसाच्या तसा घेऊ नये. या चित्रपटाला दृश्य परिणामांसाठीचे ऑस्कर नामांकन मिळाले होते, ते काही उगाच नव्हे. डार्कस्टारचा आराखडा लॉकहीड मार्टिनच्या अभियंत्यांच्या मदतीने तयार झाला आणि त्याची खरीखुरी प्रतिकृतीही बांधली गेली, पण ते विमान उडत नाही. शत्रूची अत्याधुनिक विमाने संगणकात रंगवलेली आहेत. शेवटी उडणारे एफ-१४ सुद्धा संगणकाचेच, कारण अमेरिकेत उडण्याजोगे एकही उरलेले नाही. कारागिरांनी हे काम इतके बेमालूम केले आहे की जाहिरातींनी त्यांचे अस्तित्वच नाकारले, आणि याला अन्यायच म्हणायला हवे. खऱ्या विमानाची हालचाल समोर असली की संगणकावर काम करणाऱ्यालाही प्रकाश, धूळ आणि कंपन यांचा खरा आधार मिळतो; या चित्रपटाचे यश त्या मिश्रणात आहे.

आता माझी मुख्य तक्रार. पहिले दीड तास हा चित्रपट एका गुरूची गोष्ट सांगतो. गुरूने शिकवावे, शिष्यांवर विश्वास ठेवावा, आणि अखेरीस स्वतः विमानवाहू नौकेवर थांबून त्यांना जाऊ द्यावे, या दिशेने प्रत्येक प्रसंग चालला आहे. आइसमन सांगतो तेही हेच, की आता सोडून दे. पण मॅव्हरिक स्वतः ती फेरी मारून दाखवतो आणि त्यालाच पथकप्रमुख नेमले जाते. मग कामगिरी फत्ते होते, तो रूस्टरला वाचवताना पाडला जातो, बर्फात पाठलाग होतो, रूस्टर त्याच्या मदतीला येतो, दोघे शत्रूच्या तळावरून एक जुने एफ-१४ पळवतात, आणि त्या जुनाट विमानातून आधुनिक विमानांना खाली पाडतात. हे सगळे अतिशय रंजक आहे आणि बरेचसे अशक्य आहे. रंजकतेबद्दल माझे म्हणणे नाही. अडचण अशी की ज्या प्रश्नाने चित्रपट सुरू झाला त्या प्रश्नाला तो इथे टाळतो. २०१५ मधल्या 'क्रीड'मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोनने रॉकीला रिंगणाबाहेर उभे केले, त्याला आजारी पाडले, आणि मुष्टियुद्ध दुसऱ्याला लढू दिले; त्या भूमिकेसाठी त्याला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ऑस्कर नामांकन मिळाले. क्रूझ रिंगणाबाहेर उभा राहायला तयार नाही. शेवटच्या क्षणी ग्लेन पॉवेलचा उर्मट हँगमन येऊन दोघांना वाचवतो, एवढीच काय ती तरुण पिढीला मिळालेली भिक्षा. खुद्द एफ-१४ ची निवड मात्र चपखल आहे: निवृत्त विमान, निवृत्तीच्या वयाचा वैमानिक, आणि मागच्या आसनावर, जिथे बाप मेला तिथे, मुलगा. तिथे पटकथेने काही बोलायची गरज नव्हती आणि सुदैवाने ती फारशी बोलतही नाही.

शत्रूविषयी चित्रपटाने तोंड शिवून घेतले आहे. एफ-१४ अमेरिकेबाहेर केवळ इराणने विकत घेतले होते. युरेनियमचा प्रकल्पही त्याच दिशेला बोट दाखवतो. पण भोवती बर्फाच्छादित डोंगर आणि रशियन बनावटीची विमाने पेरून नेमके काहीच म्हणायचे टाळले आहे. शत्रूच्या वैमानिकाचा चेहरा दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. पहिल्या भागातही हेच होते, तेव्हा हा वारसाच म्हणायचा. एका स्वतंत्र देशाच्या हद्दीत घुसून त्याचा प्रकल्प उडवण्याच्या योग्यायोग्यतेवर एकही पात्र एक वाक्य उच्चारत नाही, आणि अमेरिकी नौदलाच्या संपूर्ण सहकार्याने बनलेल्या चित्रपटाकडून तशी अपेक्षाही करता येत नाही. याच संदर्भात मॅव्हरिकच्या चामडी जाकिटाची गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे. २०१९ च्या झलकेत त्या जाकिटावरचे जपान आणि तैवानचे ध्वज बदललेले दिसले आणि चिनी प्रेक्षकांसाठी ही तडजोड झाल्याची बरीच ओरड झाली. प्रत्यक्ष चित्रपटात ते ध्वज पुन्हा जागेवर होते.

एवढे सगळे म्हटल्यावरही क्रूझच्या कामाबद्दल माझा आदर कमी होत नाही. त्याच्या वयाचे नट बहुधा दोन वाटा धरतात: एक तर विनोदी स्वरात स्वतःच्या सांध्यांची टिंगल करत मारामारी करायची, नाही तर धीरगंभीर दाढी वाढवून कोपऱ्यात बसायचे. क्रूझने दोन्ही टाळल्या आहेत. त्याचा मॅव्हरिक पूर्वीइतका मिजासखोर नाही. तो उत्तर देण्याआधी एक क्षण थांबतो, तरुणांच्या टोमण्यांवर हसतो पण परतफेड करत नाही, आणि रूस्टरसमोर तर तो चक्क घाबरलेला असतो. विमानात नियम धाब्यावर बसवणारा हा माणूस जमिनीवर एका मुलाला खरे कारण सांगायला धजत नाही, हा विरोधाभास त्याने नीट तोलला आहे. शारीरिक मर्यादा न मानण्याचा त्याचा स्वभाव अभिनयाचा भाग आहे की व्यक्तिमत्त्वाचा, हे वेगळे करणे आता शक्य नाही, आणि बहुधा याच कारणाने त्याला दुसऱ्या कोणाकडे कॉकपिट सोपवताना दाखवणे चित्रकर्त्यांना जमले नसावे.

चित्रपट मोठ्या पडद्यासाठीच बनला आहे. आयमॅक्समध्ये उड्डाणाच्या दृश्यांत चौकट उंचीने वाढते आणि घळीच्या भिंती खरोखर अंगावर येतात. त्याला मिळालेले एकमेव ऑस्कर ध्वनीसाठीचे होते, आणि ते रास्त आहे: इंजिनाची गर्जना तर आहेच, पण मुखवट्यातला श्वास, पट्ट्यांची करकर आणि कमाल वेगाच्या क्षणी अचानक पसरणारी शांतता यांवर जास्त मेहनत घेतली आहे. घरी पाहायचा असेल तर भ्रमणध्वनीवर पाहू नये. मिळेल तो मोठा पडदा आणि बऱ्यापैकी ध्वनिवर्धक जुळवावेत. पहिला भाग पाहिलेला नसला तरी कथा समजते, कारण गूजच्या मृत्यूची आठवण जुन्या दृश्यांसह करून दिली आहे. तरीही तो आधी पाहावा असे मी सुचवेन. तो आज बराच भडक आणि काहीसा पोकळ वाटेल, पण त्यातला दात विचकणारा, गोरा, उंच, स्वतःवर खूश असलेला आइसमन डोळ्यांसमोर असल्याशिवाय दुसऱ्या भागातला अभ्यासिकेचा प्रसंग निम्माच पोहोचतो.